दोष सेन्सरचा की कूलिंगचा? व्हीगेट आयकार प्रो आणि कार स्कॅनर ॲपची पारख

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीच्या डॅशवर बॅटरी कूलिंगचा इशारा आला की पुढचं सगळं बहुधा ठरलेलं असतं. बिघाडाचा कोड वाचायचा, कोडच्या नावात जो भाग आला तो बदलायचा, आणि पंधरा दिवसांत तोच दिवा परत लागला की बॅटरी पॅककडे बोट दाखवायचं. सेन्सर काही शे रुपयांचा आणि पॅक लाखाच्या घरातला. मधला निर्णय मात्र ओळभर कोडावर घेतला जातो. व्हीगेट कंपनीचा आयकार प्रो हा गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये (ओबीडी) बसणारा छोटा ॲडॅप्टर आणि फोनवरचं कार स्कॅनर ॲप ही जोडी कामाची आहे का, हे याच निर्णयाच्या संदर्भात तपासायला हवं. कोड तर चारशे रुपयांचं खेळणंही वाचून दाखवतं.

आधी निकाल सांगतो. एअर-कूल्ड, म्हणजे बॅटरी हवेने थंड ठेवणाऱ्या, टोयोटा हायब्रिडसाठी ही जोडी पैसे वसूल करते. ह्युंदाई कोनासारख्या लिक्विड-कूल्ड (कूलंट या द्रवाने बॅटरी थंड ठेवणाऱ्या) गाडीतही ती बरंच दाखवते. ज्या गाडीची प्रोफाइल, म्हणजे त्या मॉडेलची माहिती कशी विचारायची याची मांडणी, ॲपमध्ये नाही तिथे ती जवळपास आंधळी. आणि कुठल्याही गाडीत मल्टीमीटर आणि वायरिंग डायग्रामची जागा ती घेऊ शकत नाही.

ॲडॅप्टर

आयकार प्रो वायफाय, जुनं ब्लूटूथ आणि ब्लूटूथ लो एनर्जी अशा तीन प्रकारांत मिळतो. घ्यायचा तर लो एनर्जीवाला, म्हणजे ४.० लिहिलेला. तो आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर चालतो. वायफायवाला लावला की फोनचं इंटरनेट तुटतं आणि गाडीजवळ उभं राहून सर्व्हिस मॅन्युअलचं पान उघडायचं म्हटलं की चिडचिड होते. लो एनर्जीवाला फोनच्या ब्लूटूथ यादीतून ‘पेअर’ करायचा नसतो. तो ॲपच्या आतूनच जोडायचा. ‘कनेक्टच होत नाही’ या तक्रारीचं बऱ्याचदा कारण हेच. जुन्या अँड्रॉइडवर लोकेशनची परवानगीही द्यावी लागते, नाहीतर ॲपला ॲडॅप्टर दिसतच नाही.

मग बाजारात निळ्या-काळ्या डबीत मिळणारा स्वस्त ईएलएम३२७ ॲडॅप्टर का नको? मूळ ईएलएम३२७ ही कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची चिप. तिच्या पहिल्या आवृत्तीला कॉपीपासून संरक्षण नव्हतं आणि तिथूनच क्लोनचं, म्हणजे नकलांचं, पीक आलं. कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, पीक चालूच आहे. डबीवर ‘आवृत्ती १.५’ दिसली तर हसून खाली ठेवा, कारण मूळ कंपनीने १.५ कधी काढलीच नव्हती. ‘२.१’ लिहिलेल्यांतही बऱ्याचदा आत अर्धेच आदेश चालतात. साध्या पेट्रोल गाडीत इंजिनचं तापमान वाचायला तेवढं पुरतं. हायब्रिडच्या बॅटरी कंट्रोलरचं (बॅटरीवर देखरेख ठेवणाऱ्या संगणकाचं) उत्तर मात्र एका कॅन फ्रेममध्ये, म्हणजे गाडीच्या आतल्या नेटवर्कवरच्या एका छोट्या संदेशात, मावत नाही. आठ-आठ बाइटच्या अनेक फ्रेम येतात आणि मध्ये ‘पुढचं पाठव’ अशी परवानगी ॲडॅप्टरने द्यायची असते. क्लोन इथेच अडखळतो. मग पहिल्या फ्रेममधलं तापमान बरोबर, दुसऱ्यातलं शून्य, तिसऱ्यातलं भलतंच, असा पडदा दिसतो आणि धडधाकट सेन्सरवर आळ येतो. आयकार प्रो अशा लांबलचक उत्तरांना पुरा पडतो, आणि त्याची खरी किंमत याचसाठी मोजायची.

ॲप

कार स्कॅनर फुकट उतरवता येतं. पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत जाहिराती जातात आणि काही मर्यादा उठतात. काम सुरू करण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन कनेक्शन प्रोफाइलमध्ये कंपनी आणि मॉडेल निवडायला विसरू नका. तसंच सोडलं तर ॲप फक्त कायद्याने सक्तीची, म्हणजे इंजिन आणि प्रदूषणाशी संबंधित माहिती विचारतं. बॅटरीची तापमानं त्यात नसतात. ‘ॲपमध्ये बॅटरी दिसतच नाही’ म्हणणाऱ्याने प्रोफाइल निवडलेली नसते.

प्रोफाइल निवडली की सेन्सरांची भली मोठी यादी येते आणि सगळं एकदम बघण्याचा मोह होतो. तो आवरा. ॲप एकेक मूल्य रांगेने विचारतं. चाळीस मूल्यं निवडली की प्रत्येकाची पाळी काही सेकंदांनी येते, आणि सैल पिनमुळे अर्धा सेकंद उडणारा काटा दोन वाचनांमध्ये हरवून जातो. पाच-सहा मूल्यं पुरेत. टोयोटामध्ये बॅटरीची तीन तापमानं, आत येणाऱ्या हवेचं तापमान, कूलिंग फॅनचा टप्पा आणि बॅटरीचा विद्युतप्रवाह. ही सहा एका डॅशबोर्डवर लावून रेकॉर्डिंग चालू करा. ॲपचा हा भाग चांगला जमलाय: आलेख एकावर एक बघता येतात आणि नोंद नंतर पुन्हा उघडता येते.

सकाळची चाचणी

या जोडीचा सर्वांत मोठा उपयोग गाडी न चालवता होतो. प्रियसच्या तिसऱ्या पिढीचं उदाहरण घेऊ. निकेल-मेटल हायड्राइडची २८ मॉड्यूल (सेलांचे गठ्ठे), २०१.६ व्होल्ट, मॉड्यूलना टेकलेले तीन थर्मिस्टर, म्हणजे तापमानाचे सेन्सर, आणि हवेच्या वाटेवर चौथा. इनोव्हा हायक्रॉसच्या हायब्रिडमध्येही १६८ सेलचा निकेल-मेटल हायड्राइड पॅक आहे, त्यामुळे विचार करायची पद्धत तीच.

गाडी सावलीत रात्रभर, निदान आठ-दहा तास उभी ठेवा. सकाळी ब्रेक न दाबता पॉवर बटण दोनदा दाबा. इग्निशन चालू होतं, ‘रेडी’ येत नाही आणि बॅटरी जोडणारे मोठे रिले उघडेच, म्हणजे न जोडलेले, राहतात. आता तापमानं बघा. बॅटरीचे तिन्ही सेन्सर एकमेकांपासून दोन-तीन अंशांच्या आत हवेत. हवेचा सेन्सर थोडा वेगळा असू शकतो, कारण केबिनची हवा लवकर थंड होते आणि बॅटरीचं वजनदार धूड उशिरा. दोघं २६ आणि तिसरा ३४ दाखवत असेल तर कूलिंगचा प्रश्नच उद्भवत नाही. रात्रभर उभ्या गाडीत एकाच डब्यातला एक कोपरा आठ अंशांनी गरम राहण्याचं कारण नाही. बोट सेन्सरकडे, त्याच्या वायरीकडे किंवा कनेक्टरकडे जातं.

इग्निशन या अवस्थेत दहा-पंधरा मिनिटांहून जास्त ठेवू नका, बारा व्होल्टची बॅटरी उतरते. ती आधीच अशक्त असेल तर भुताटकीचे कोड येतात. म्हणून पहिलं वाचन बारा व्होल्टचं घ्या, ॲडॅप्टर स्वतःच ते दाखवतो. उभ्या गाडीत १२.४ च्या वर ठीक. १२ च्या खाली असेल तर चार्ज करा आणि मगच पुढे जा.

दुसरा टप्पा रस्त्यावर. एसी लावून अर्धा-पाऊण तास, चढ-उतार असेल तर उत्तम. खऱ्या गरमीत तिन्ही आलेख हातात हात घालून चढतात, बहुधा मधला पुढे असतो आणि फॅनचा टप्पा शून्यापासून सहापर्यंत वर सरकतो. कितीतरी किलो वजनाचा धातूचा ठोकळा एका सेकंदात दहा अंश तापत नाही. आलेखात असा कडा दिसला, विशेषतः खड्ड्यात किंवा गतिरोधकावर, तर ती वायरिंगची तक्रार. उलट तिन्ही तापमानं शांतपणे चढत आहेत, फॅन पाच-सहावर आहे आणि हवेचं तापमान गार दाखवतंय, तर सेन्सर खरं बोलत आहेत. तुंबलाय तो हवेचा मार्ग. मागच्या सीटजवळची जाळी, असेल तिथे तिच्या मागचा फिल्टर, आणि ब्लोअरच्या चाकावर बसलेला धुळीचा थर. आपल्याकडे जाळीवर पिशवी किंवा उशी ठेवणं सर्रास चालतं, आणि अशा वेळी सेन्सर बदलणारा मेकॅनिक गिऱ्हाइकाच्या खिशाला निष्कारण चाट लावतो.

मे महिन्यात नागपूर किंवा जळगावला दुपारी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत हवेचा सेन्सर पन्नाशीच्या पुढे दाखवेल. तो बिघाड नव्हे. ही बॅटरी केबिनची हवा ओढते, तेव्हा केबिन तापली की तीही तापणार. काचा उघडून, एसी लावून पाच मिनिटांनी परत बघा. आकडा भराभर उतरला तर सेन्सर जिवंत आहे. हिवाळ्यात उलटं करा. फॅन चालू असताना हेअर ड्रायर मंद ठेवून फूटभरावरून जाळीवर हवा सोडा. मिनिटाभरात आकडा हलायला हवा. काही उघडावं लागत नाही.

कोड काय सांगतो, काय सांगत नाही

पडद्यावर रोमन अक्षरांत येणारे हे कोड इथे नागरीत लिहितो. पी०ए९बी ते पी०ए९ई हे बॅटरीच्या ‘ए’ तापमान सेन्सरचे: सर्किट, पल्ला (वाचन पटण्यासारखं नाही), कमी आणि जास्त. पी०एएसी ते पी०एएई आत येणाऱ्या हवेच्या सेन्सरचे. पी०ए८१, पी०ए८२, पी०ए८४, पी०ए८५ कूलिंग फॅनचे. लिक्विड-कूल्ड पॅकच्या कूलंट सेन्सरचे पी०सी४३ ते पी०सी४६.

यातल्या ‘कमी’ आणि ‘जास्त’ या शब्दांनी भलेभले फसतात. ते तापमानाबद्दल नसून सिग्नलच्या व्होल्टेजबद्दल आहेत. सेन्सर म्हणजे थर्मिस्टर, तापला की त्याचा रोध घटतो. कंट्रोलर एका ठरावीक रोधातून त्याला पाच व्होल्ट देतो आणि मधलं व्होल्टेज मोजतो. वायर तुटली की व्होल्टेज पाचला जाऊन चिकटतं. कोड ‘जास्त’ येतो आणि पडद्यावर तापमान उणे ४० किंवा त्याहूनही खाली दिसतं. वायर बॉडीला घासून शॉर्ट झाली की व्होल्टेज शून्याजवळ, कोड ‘कमी’ आणि तापमान वरच्या टोकाला. ‘सिग्नल जास्त’ वाचून बॅटरी गरम झाली असं गिऱ्हाइकाला सांगणारे आहेत. ॲपने कोडखाली ही एक ओळ दिली असती तर किती बरं झालं असतं. ते फक्त कोडचं नाव दाखवतं.

तुटणं आणि शॉर्ट होणं हे सोपे आजार. छळतात ते अर्धवट बिघाड, कारण त्यात कोडच येत नाही किंवा ‘पल्ला’वाला येतो. इथे थोडं गणित कामी येतं. २५ अंशांना १० किलोओम आणि बीटा (तापमानासोबत रोध किती झपाट्याने बदलतो याचा आकडा) ३९५० असा सर्रास मिळणारा थर्मिस्टर धरा. ० अंशांना त्याचा रोध सुमारे ३३.६ किलोओम, ४० ला ५.३, आणि ६० ला जेमतेम अडीच. आता कनेक्टरच्या पिनेवर गंज चढून १ किलोओमचा जादा रोध आला. २५ अंशांना कंट्रोलरला ११ किलोओम दिसतात आणि तो साधारण २३ वाचतो. दोन अंशांचा फरक सकाळच्या चाचणीत कुणाच्या डोळ्यावरही येणार नाही. पण बॅटरी खरोखर ६० ला पोचली की त्याला साडेतीन किलोओम दिसतात आणि तो वाचतो ५१. जेव्हा कूलिंग जोरात चालायला हवं नेमकं तेव्हाच बॅटरी नऊ अंशांनी थंड असल्याचं खोटं सांगितलं जातं. हा बिघाड सगळ्यांत घातक. त्यात दिवा लागत नाही, बॅटरी मात्र भाजत राहते.

ओलाव्याचं उलटं असतं. कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात कनेक्टरमध्ये दमटपणा शिरला आणि दोन पिनांमध्ये १०० किलोओमची गळती झाली, तर ६० अंशांना फरक एका अंशाहूनही कमी पडतो. १५ अंशांच्या पहाटे तोच सेन्सर १८ दाखवतो, आणि शून्याला तर साडेपाच. थोडक्यात, चूक गरमीत वाढत असेल तर मार्गात रोध आलाय: गंज, सैल पिन, अर्धी तुटलेली वायर. चूक थंडीत वाढत असेल तर गळती आहे: पाणी, कूलंट, चिखल. सकाळची आणि दुपारची अशी दोन रेकॉर्डिंग शेजारी ठेवली की हे कळतं, पॅक न उघडता. या जोडीचा माझ्या मते सर्वांत मोलाचा उपयोग हाच, आणि ॲपच्या जाहिरातीत त्याचा मागमूस नाही.

हे आकडे त्या एका थर्मिस्टरचे. तुमच्या गाडीचं कोष्टक सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या, कारण प्रत्येक कंपनीचा सेन्सर १० किलोओमचा नसतो.

लिक्विड-कूल्ड गाड्यांत

नेक्सॉन ईव्ही आणि एमजी झेडएस ईव्ही २०२० च्या जानेवारीत आल्या, कोना त्याआधी २०१९ च्या जुलैत. तिन्हींच्या बॅटरीला कूलंटचं कूलिंग. इथे सेन्सर दोन जातींचे: पॅकच्या आत मॉड्यूलवर बसवलेले, आणि कूलंटच्या वाटेवरचे.

कोनाच्या प्रोफाइलमध्ये मॉड्यूलची पाच तापमानं, सर्वांत जास्त, सर्वांत कमी, आणि बॅटरीत शिरतानाचं इनलेट तापमान दिसतं. आकडे पूर्ण अंशांत येतात, दशांश नाही. म्हणून एका अंशाच्या फरकावरून काही निष्कर्ष काढू नका. टोयोटात अपूर्णांक येतात, तिथे बारीक फरकही वाचता येतो.

लिक्विड-कूल्ड गाडीत सगळ्यात जास्त चुकतं ते पंपाच्या बाबतीत. पंप थांबला किंवा कूलंट भरताना हवा अडकली, तर इनलेट सेन्सर बाहेरच्या तापमानाला स्वस्थ बसून राहतो आणि मॉड्यूल तापत जातात. कंट्रोलरला दिसतं की बॅटरी ४२ अंशांवर गेली आणि कूलंट अजून ३० वरच. त्याला हे पटत नाही, तो सेन्सरचा ‘पल्ला’ कोड टाकतो. मेकॅनिक सेन्सर बदलतो, कोड उडवतो, गाडी देतो. तो कोड पुढच्या फास्ट चार्जिंगला परत येतो.

म्हणून कूलंट सेन्सरचा पल्ला कोड दिसला की आधी टाकीतली पातळी बघा, मग फास्ट चार्जिंग चालू असताना रेकॉर्डिंग घ्या. चार्जिंगमध्ये पंप चालायलाच हवा. रबरी पाइपाला बाहेरून हात लावला की हलकी थरथर जाणवते, पण हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलपासून हात दूर ठेवा. मॉड्यूल चढतात, कूलंट काही मिनिटांनी मागोमाग चढतो, असं असेल तर पंप आणि सेन्सर दोन्ही ठीक. कूलंट जागचा हलतच नसेल तर पंप, त्याचा फ्यूज, रिले आणि अडकलेली हवा या क्रमाने जा. सेन्सरचं टोक हवेच्या बुडबुड्यात असेल तर आकडा आळसावल्यासारखा चालतो आणि मग एकदम उडी मारतो. वायरिंगच्या उडीशी याची गल्लत होते. फरक असा की बुडबुड्याची उडी पंपाच्या चालू-बंद होण्याशी जुळते, वायरिंगची उडी खड्ड्याशी.

कूलंट कमी दिसला म्हणून नळाचं पाणी ओतायचं नाही, आणि शेजारच्या गाडीतलं हिरवं-गुलाबी जे मिळेल तेही नाही. काही गाड्यांत बॅटरीसाठी वीज कमी वाहून नेणारा खास कूलंट असतो. तो पॅकमध्ये झिरपला तरी नुकसान आटोक्यात राहावं हाच हेतू. पातळी पुन्हा पुन्हा घटत असेल आणि सोबत पी०एए६, म्हणजे हाय व्होल्टेजच्या इन्सुलेशनचा कोड असेल, तर ॲप बंद करा आणि गाडी अधिकृत ठिकाणी न्या.

कूलंट सेन्सर बाहेर काढता येत असेल तर स्वयंपाकघरातली चाचणी करता येते. बर्फाचं पाणी म्हणजे ०, आणि कोमट-गरम पाण्यात थर्मामीटर ठेवून ४० आणि ६०. तिन्ही ठिकाणी रोध मोजून कोष्टकाशी ताडा. सेन्सर बरोबर निघाला तर हार्नेसच्या, म्हणजे गाडीच्या वायरींच्या, बाजूच्या कनेक्टरमध्ये दोन पिनांना १० किलोओमचा एक टक्का अचूकतेचा रोध लावा आणि ॲपमध्ये बघा. १० किलोओमच्या सेन्सरला पडद्यावर २५ यायला हवेत. २५ आले तर कंट्रोलर आणि वायरिंग निर्दोष, २१ आले तर वायरिंगमध्ये रोध आहे. दहा रुपयांच्या रोधाने होणारी ही तपासणी, पण फारच थोडे लोक करतात. अर्थात ती फक्त पॅकच्या बाहेर असलेल्या, कमी व्होल्टच्या कनेक्टरवर.

पॅकच्या झाकणाच्या आत हे करू नका. तिथे सर्व्हिस प्लग (हाय व्होल्टेज तोडणारा प्लग) काढायचा, टोयोटात निदान दहा मिनिटं थांबायचं, हजार व्होल्टचे रबरी हातमोजे घालायचे आणि कॅट थ्री या सुरक्षा श्रेणीच्या, हजार व्होल्टच्या मीटरने शून्य व्होल्ट असल्याची खात्री करायची. त्याचं प्रशिक्षण नसलेल्याने झाकणाच्या स्क्रूला हात लावायचा नाही.

जिथे ही जोडी कमी पडते

पहिली उणीव सगळ्यात मोठी. ॲप फक्त कंट्रोलर जे सांगतो तेच दाखवतं, आणि बिघडलेल्या सेन्सरच्या बाबतीत कंट्रोलर नेहमी खरं सांगेलच असं नाही. काही गाड्यांत सेन्सर बाद झाला की कंट्रोलर त्याच्या जागी ठरावीक किंवा शेजारच्या सेन्सरचं मूल्य घेऊन काम चालवतो. पडद्यावर छान ३० दिसतात, पण ते मोजलेले नसतात. ओळखायची खूण अशी की खरं तापमान कधी पूर्ण स्तब्ध नसतं. अर्धा तास गाडी चालवूनही एखादा आकडा दशांशानेही हलला नाही, किंवा शेजाऱ्याची हुबेहूब नक्कल करत राहिला, तर संशय घ्या.

दुसरी उणीव, टोयोटाच्या कोडांना जोडलेले तीन अंकी उपकोड. पी०एए६ सोबत ६१२ आला तर दोष बॅटरीच्या भागात, ६१३ आला तर ट्रान्सॲक्सलमध्ये, म्हणजे मोटर आणि गिअर असलेल्या भागात. ही माहिती कंपनीच्या टेकस्ट्रीम सॉफ्टवेअरमध्ये मिळते. सर्वसाधारण ॲपवर तिची भिस्त ठेवू नका.

तिसरी, सक्तीने चालवून बघणं. टेकस्ट्रीममधून बॅटरीचा फॅन टप्प्याटप्प्याने चालवता येतो. प्रियस घराण्यासाठी डॉ. प्रियस नावाचं वेगळं ॲप याच ॲडॅप्टरवर चालतं आणि मॉड्यूलच्या जोड्यांचं व्होल्टेज बघण्यात ते कार स्कॅनरहून सरस आहे. टोयोटावाल्यांनी दोन्ही ठेवावीत. कार स्कॅनरचं बलस्थान रेकॉर्डिंग आणि अनेक कंपन्यांच्या प्रोफाइल.

चौथी, प्रोफाइलवरचा विश्वास. गाडीचं मॉडेल तेच असलं तरी वर्ष बदललं की कंट्रोलरच्या उत्तरातल्या जागा बदलू शकतात. एखादं तापमान कायम उणे ४० किंवा २१५ दाखवत असेल आणि डॅशवर दिवा नसेल, तर सेन्सर तुटल्याचा निष्कर्ष काढण्याआधी ॲप चुकीच्या जागी वाचतंय का ते बघा. खात्रीची युक्ती अशी: बाकी सगळे आकडे पटण्यासारखे आहेत, कोड नाही, गाडीची ताकद नेहमीसारखी आहे, तर चूक ॲपची. टोयोटात ताकद जोखायला बॅटरीतून किती पॉवर काढायची मुभा आहे ते मूल्य बघा, यादीत त्याचं नाव ‘डब्ल्यू-आउट’. कंट्रोलरला खरोखरच बॅटरी तापलेली वाटत असेल तर तो ही मुभा आवळतो आणि इंजिन वारंवार चालू होतं.

कोणी घ्यावी

टोयोटा हायब्रिडच्या मालकाने आणि हायब्रिड गाड्या येणाऱ्या छोट्या गॅरेजने बिनदिक्कत घ्यावी. लॉन्चसारख्या कंपन्यांच्या मोठ्या स्कॅनरला यापेक्षा कितीतरी पट पैसे लागतात. कोडची खोली आणि सक्तीच्या चाचण्या त्यांत जास्त, पण सकाळच्या चाचणीपुरतं बघायचं तर फरक फारसा उरत नाही. टाटा किंवा महिंद्राच्या ईव्हीवाल्यांनी आधी ओळखीच्या कुणाचा ॲडॅप्टर मागून फुकट आवृत्तीत बॅटरीची तापमानं दिसतात का ते बघावं, मगच खरेदी. वॉरंटीतल्या गाडीत नोंदी घ्या, कोड मात्र उडवू नका. कोडसोबत कंट्रोलरने जपलेला त्या क्षणाचा तपशील, म्हणजे तापमान, वेग, चार्ज, सगळं पुसलं जातं आणि सर्व्हिस सेंटरकडे दाखवायला काही उरत नाही. आधी पडद्याचा फोटो काढा.

काम झालं की ॲडॅप्टर सॉकेटमधून काढून ठेवा. तो स्वतः झोपतो हे खरं, पण आठवडाभर उभ्या राहणाऱ्या गाडीत तो कंट्रोलरना अधूनमधून जागं करत नसेल याची हमी नाही.

आणि घेतल्यावर पहिलं रेकॉर्डिंग दिवा लागण्याची वाट न बघता, गाडी ठणठणीत असतानाच करा. एक सकाळ, एक दुपार, फाइलच्या नावात तारीख आणि बाहेरचं तापमान. दोन वर्षांनी तिसरा सेन्सर चार अंश खाली दाखवू लागला तर तो मुळातच तसा होता की आता गंजलाय, हे त्या फाइलशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.